घरातले जुने फोटो आणि कागद: मोबाइल आणि स्कॅनरने जपायचे कसे

जुने फोटो डिजिटल करायचे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्कॅनर कुठला घेऊ? माझं उत्तरही ठरलेलं असतं. स्कॅनर सावकाश घ्या, आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ अल्बम घेऊन बसा. कागदावरचा फोटो नीट ठेवला तर अजून कितीतरी वर्षं टिकेल. पण मागच्या रांगेत उभी असलेली नऊवारीतली बाई कोण, हे सांगू शकणारं माणूस घरात आज कदाचित एकच उरलं असेल. म्हणून या लेखात यंत्रांइतकीच जागा नावांना आणि तारखांना दिली आहे. सॉफ्टवेअर जवळजवळ सगळी फुकट आहेत, आणि सुरुवात हातातल्या मोबाइलवर करता येते.

पहिली पायरी: सगळं एका जागी आणा, पण क्रम मोडू नका

अल्बम, फ्रेम, स्टुडिओची पाकिटं, निगेटिव्हच्या पट्ट्या, लग्नपत्रिका, गुणपत्रिका, पत्रं, जुने दस्त, जे काही माळ्यावर आणि कपाटात असेल ते एका टेबलावर येऊ द्या. मोह होतो तो लगेच फोटो काढून ढीग लावायचा. तो आवरा. अल्बममध्ये फोटो ज्या क्रमाने लावलेत तो क्रमच पुरावा असतो. बारशाच्या दोन फोटोंच्या मधला बिनतारखेचा फोटो बहुधा त्याच दिवसाचा असतो, आणि तो एकदा सुटा झाला की हा दुवा कायमचा तुटतो.

म्हणून आधी प्रत्येक पान जसं आहे तसं मोबाइलने टिपून ठेवा. दर्जाची काळजी नको, फक्त कुठला फोटो कुठे होता ते दिसलं पाहिजे. पानांना कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक द्या. जुन्या अल्बमच्या पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद असतो, तो फाडू नका. तो फोटोंना एकमेकांना चिकटण्यापासून वाचवतो.

सगळेच फोटो स्कॅन करायचे नसतात. ओळखीची माणसं, घर, गाव, दुकान, जुनं वाहन, सणसमारंभ हे आधी. महाबळेश्वरच्या पॉइंटवरून काढलेले धुक्याचे सात फोटो असतील तर त्यातला एक पुरे.

दुसरी पायरी: नावं लिहून घ्या

यासाठी मोबाइलमधलं साधं व्हॉइस रेकॉर्डर सगळ्यात कामाचं आहे. आजी-आजोबांसमोर अल्बम उघडा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि आधी स्वतः बोला: ‘पान चार, वरच्या रांगेत डावीकडचा फोटो.’ मग त्यांना बोलू द्या. हा पत्ता बोलला नाहीत तर नंतर ऐकताना ‘हे आपले अण्णा’ म्हणजे कुठल्या फोटोतले, ते कळत नाही. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. माणूस थकलं की नावं चुकायला लागतात.

‘हा फोटो कधीचा?’ असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘काय माहीत, जुना आहे.’ त्याऐवजी विचारा: तेव्हा आपण कुठल्या घरात राहत होतो? बाबांची बदली झाली होती का? धाकटी आत्या झाली होती का? आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या आठवणी सालाला बांधलेल्या नसतात, त्या बदल्यांना, बाळंतपणांना आणि लग्नांना बांधलेल्या असतात. एका जन्मतारखेवरून पानभर फोटोंची वर्षं लागतात.

लिखित पुरावाही शोधा. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, त्यावर गावाचं नाव मिळतं. लग्नपत्रिका सापडली तर सोनं. तिच्यावर तिथी आणि शके असेल तर इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा: वैशाख शके १९०६ म्हणजे १९८४. जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींसाठी मात्र ७९ मिळवावे लागतात, कारण इंग्रजी वर्ष बदललेलं असतं आणि शक पाडव्याला बदलतो. माघातल्या लग्नाची तारीख एक वर्षाने चुकते ती याच कारणाने. रंगीत फोटोंच्या कोपऱ्यात छापलेली नारिंगी तारीख मात्र आंधळेपणाने मानू नका. कॅमेऱ्याची बॅटरी बदलल्यावर पुष्कळांनी ती पुन्हा लावलेलीच नसायची.

हे सगळं मजकुरात उतरवायचा कंटाळा येतो, तिथे गूगलचा कीबोर्ड, जीबोर्ड, मदतीला येतो. त्याची भाषा मराठी केली की माइकचं बटण दाबून बोलायचं, देवनागरीत टाइप होतं. आडनावं आणि गावांची नावं तेवढी तपासून घ्या.

तिसरी पायरी: मोबाइलने टिपणं

पोस्टकार्ड आकाराच्या, म्हणजे ४ बाय ६ इंची फोटोसाठी आजचा साधा मोबाइलही पुरतो, हे आकड्यांत पाहा. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४००० बाय ३००० पिक्सेलचं चित्र देतो. फोटोची सहा इंची बाजू चौकटीत पूर्ण भरली तर इंचाला साडेसहाशेहून जास्त पिक्सेल येतात. कमी पडतो तो उजेड आणि हाताचा स्थिरपणा.

उजेडासाठी खिडकी उत्तम. थेट ऊन नको, आडोशाचा दिवसाचा प्रकाश हवा. घरातली ट्यूब आणि बल्ब बंद करा, कारण खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आला की फोटोचा अर्धा भाग एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा दिसतो. फ्लॅश कधीही नको. फोटो टेबलावर सपाट ठेवा, खाली काळा कार्डपेपर घाला. मोबाइल आडवा धरून ठेवणारा लवचिक मानेचा स्टँड मिळतो, तो टेबलाच्या कडेला लावून कॅमेरा थेट वरून खाली पाहील असा बसवा. या कामासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर हा स्टँड घ्या. हात मोकळे राहतात, शंभरावा फोटोही पहिल्यासारखाच सरळ येतो. मोबाइल फार जवळ नेऊ नका, कडा वाकतात. दोनपट झूमची स्वतंत्र लेन्स असेल तर ती वापरा आणि थोडं लांबून टिपा. आणि टायमर तीन सेकंदांवर ठेवा, बोटाच्या धक्क्याने हलणार नाही.

चकचकीत फोटोवर उजेडाची चमक येते तिथे गूगलचं फोटोस्कॅन हे फुकट अॅप फार उपयोगी पडतं. २०१६ साली आलं, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. वापरायची रीत अशी: फोटो चौकटीत धरून बटण दाबलं की पडद्यावर चार पांढरे ठिपके दिसतात. मधलं वर्तुळ एकेका ठिपक्यावर नेऊन क्षणभर थांबायचं. ठिपका भरला की पुढचा. प्रत्येक ठिकाणाहून चमक वेगळ्या जागी पडते, अॅप या सगळ्या चित्रांतला चमक नसलेला भाग घेऊन एक फोटो बनवतं आणि कडाही कापून देतं. मोबाइल तिरपा न करता, फोटोला समांतर ठेवूनच सरकवायचा, ही यातली खुबी. तिरपा झाला की चेहरे किंचित दुहेरी होतात. १९७०-८०च्या दशकातल्या खडबडीत, रेशमी पोताच्या कागदावरच्या फोटोंसाठीही ही पद्धत बरी, कारण स्कॅनरच्या दिव्याखाली तो पोत जास्तच उठून येतो.

भिंतीवरच्या तसबिरी वेगळ्या हाताळायच्या. पूर्वजांचे फ्रेम केलेले फोटो अनेकदा दमटपणाने काचेला आतून चिकटलेले असतात. काच ओढू नका. फोटोचा थर काचेवर राहतो आणि चेहरा सोलून निघतो. काच बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा, कुंकवाची बोटं असतील तर कापड किंचित ओलं करून पुसा, पाणी थेट काचेवर टाकू नका, ते चौकटीतून आत उतरतं. मग तसबीर खिडकीच्या बाजूला अशी टेकवा की उजेड एका कडेने येईल, आणि काळ्या कापडाला मोबाइलच्या लेन्सएवढं भोक पाडून त्यातून टिपा. काचेत तुमचं प्रतिबिंब पडतच नाही, कारण समोर फक्त काळं कापड असतं.

आणखी एक अडचण चिकट पानांच्या अल्बमची. वर पारदर्शक प्लॅस्टिक आणि खाली डिंकाच्या रेघा असलेले हे अल्बम १९८०-९०च्या दशकात घरोघरी होते. आता तो डिंक पिवळा पडून कडक झालाय. फोटो कोपऱ्याला धरून उपटला तर मधे कायमची घडी पडते. दात साफ करायचा दोरा, डेंटल फ्लॉस, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे नेत दुसऱ्या टोकापर्यंत न्या. बहुतेक फोटो सुटतात. जो हलत नाही तो पानासकट टिपा आणि तिथेच राहू द्या.

चौथी पायरी: स्कॅनर कधी हवा

फोटो शेकड्यांनी असतील, किंवा लहान फोटो मोठा करायचा असेल, तर फ्लॅटबेड, म्हणजे फोटो काचेवर सपाट ठेवायचा, स्कॅनर हवाच. प्रिंटरला जोडून येणारा, काचेचा स्कॅनरही चालतो. कागद आत ओढून घेणाऱ्या यंत्रात मात्र जुना फोटो घालू नका. एकदा अडकला की फाटतो.

खोक्यावर ४८०० डीपीआय (इंचाला किती ठिपके) लिहिलंय म्हणून तेवढ्यावर स्कॅन करायचं नसतं. पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय भरपूर: २४०० बाय ३६०० पिक्सेल, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलहून थोडं जास्त. ३०० डीपीआयवर तेच दोन मेगापिक्सेलच्या आसपास येतं, जे मोबाइलवर पाहायला ठीक, पण मोठं छापायला अपुरं. पासपोर्ट आकाराचा फोटो मात्र १२०० वर घ्या. कित्येक घरांत पणजोबांचा एवढाच एक फोटो उरलेला असतो आणि तोच मोठा करून लावायचा असतो. त्यापुढे गेलात तर कागदाचा दाणा आणि धूळ तेवढी मोठी होते.

खास फोटो टिफमध्ये (तपशील न गाळणारी मोठी फाइल) ठेवा, बाकीचे उत्तम दर्जाच्या जेपेगमध्ये (दाबून लहान केलेली फाइल). ६०० डीपीआयचा पोस्टकार्ड टिफमध्ये साधारण २६ एमबी होतो, जेपेगमध्ये बहुधा त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात भागतं. काळा-पांढरा फोटोही रंगीत सेटिंगवरच स्कॅन करा. त्याची तपकिरी छटा, मागची शाई, डाग यांतूनच पुढे दुरुस्ती करता येते.

ए४ काचेवर पोस्टकार्ड आकाराचे तीन फोटो बसतात: वर दोन उभे, खाली एक आडवा. मधे थोडी जागा सोडा, म्हणजे सॉफ्टवेअरला ते वेगळे ओळखता येतात. दर थोड्या वेळाने काच मायक्रोफायबरने पुसा, आणि फोटोवरची धूळ लेन्ससाठी मिळणाऱ्या रबरी ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे डाग पाडतात. सॉफ्टवेअरमधलं आपोआप तीक्ष्ण करणं, धूळ काढणं वगैरे सगळं बंद ठेवा. ते काम नंतर प्रतीवर करता येतं, मूळ स्कॅन जसाच्या तसा हवा.

यंत्राबरोबरचं सॉफ्टवेअर त्रासदायक वाटलं तर नॅप्स२ वापरा. मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, आणि फालतू प्रश्न विचारत नाही. जुना स्कॅनर नव्या विंडोजवर चालेनासा झाला असेल तर फेकण्याआधी व्ह्यूस्कॅन चालवून पाहा. कंपनीने सोडून दिलेली कितीतरी यंत्रं त्यावर पुन्हा चालतात. ते पैसे देऊन घ्यावं लागतं, पण आधी चाचणी घेता येते.

निगेटिव्ह असतील तर ते प्रिंटपेक्षा मोलाचे, कारण रंग उडालेल्या प्रिंटपेक्षा त्यांत जास्त तपशील शिल्लक असतो. पण साधा फ्लॅटबेड ते वाचत नाही. झाकणातूनही उजेड देणारा, फिल्मची सोय असलेला स्कॅनर लागतो. आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यांच्या १२० रोलवरचे चौकोनी निगेटिव्ह मोठे असतात, त्यांतून फार सुंदर फोटो निघतात. ते थोडेच असतील तर चांगल्या लॅबकडून करून घ्या, त्यासाठी यंत्र घ्यायची गरज नाही.

पाचवी पायरी: कागदपत्रं

कागदांसाठी वेगळं अॅप शोधायची फारशी गरज उरलेली नाही. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये आणि आयफोनवर नोट्समध्ये स्कॅनची सोय आधीपासूनच असते. दोन्ही कडा ओळखून सरळ करतात आणि अनेक पानांची एक पीडीएफ बनवतात. कॅमस्कॅनरवर जून २०२० मध्ये भारतात बंदी आली, तरी त्याच्या नक्कल प्रती अजून लोक कुठून कुठून उतरवतात. घराचे दस्त आणि आधार कार्ड कुठल्याही अनोळखी अॅपच्या हाती देऊ नका. आधारची प्रत पाठवायची वेळ आली तर पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड प्रत यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून तीच द्या. डिजिलॉकरमध्ये मिळणारी कागदपत्रं तिथूनच घ्या. त्यांना मूळ कागदाच्या बरोबरीची मान्यता आहे, तुमच्या स्कॅनला ती नाही.

छापील मराठी मजकूर संगणकाला वाचता येतो, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. पानाचं सरळ, स्वच्छ चित्र गूगल ड्राइव्हवर टाका, संगणकावर त्यावर उजवं बटण दाबून ते गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्राखाली मजकूर उतरलेला मिळतो. इंटरनेटवर काही टाकायचं नसेल तर नॅप्स२ मध्येच अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट जोडता येतं: ओसीआरच्या (चित्रातली अक्षरं वाचण्याच्या) सेटिंगमध्ये मराठी भाषा उतरवून घ्या आणि पीडीएफ जतन करा. मग त्या पीडीएफमध्ये नाव शोधता येतं. जोडाक्षरं आणि रफार चुकतात, म्हणून शोधासाठी वापरा, नक्कल म्हणून नको. आजोबांच्या हस्ताक्षरातली पत्रं यातून भरवशाने वाचली जात नाहीत. ती ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा आणि वेळ काढून हाताने उतरवा.

जुन्या वाड्यांतून आणि गावाकडच्या पेट्यांतून मोडीतले कागद निघतात. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लिप्यांच्या जागतिक यादीत, जागा मिळाली, पण या हस्तलिखितांसाठी अजूनही मोडी जाणणारं माणूसच गाठावं लागतं. त्याला पाठवायला म्हणून तरी प्रत्येक पान ४०० डीपीआयवर, पाठीमागच्या बाजूसकट, स्कॅन करून ठेवा. घडीवर फाटत आलेला कागद काचेवर दाबू नका, वरून मोबाइलने टिपा. आणि त्यावर चिकटपट्टी कधीच नको. ती काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरं खाते.

सहावी पायरी: नाव आणि तारीख फाइलमध्येच लिहा

इथे बहुतेकांची मेहनत वाया जाते. हजार फोटो स्कॅन होतात, आणि सगळ्यांची नावं ‘स्कॅन ०००१’, ‘स्कॅन ०००२’. शिवाय प्रत्येक फाइलची तारीख स्कॅन केल्याच्या दिवसाची, त्यामुळे आजीच्या लग्नाचा फोटो मोबाइलवर परवाच्या सहलीशेजारी दिसतो.

नावाची रीत एकच ठेवा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग जागा, प्रसंग आणि क्रमांक. म्हणजे ‘१९८४-०५-१३_नाशिक_लग्न_०३’. दिवस माहीत नसेल तर ‘१९८४-०५’, महिनाही नसेल तर नुसतं ‘१९८४’, आणि तेही अंदाजाने असेल तर ‘१९८०चे_दशक’. वर्ष पुढे असल्यामुळे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. इथे देवनागरीत लिहिलं असलं तरी फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत ठेवा, कारण जुन्या टीव्हीत पेनड्राइव्ह लावला की देवनागरी नावांचे चौकोन दिसतात. मराठी मजकुराची जागा पुढे आहे. विंडोजवर इरफानव्ह्यू किंवा एक्सएनव्ह्यू एमपी यांत एका फोल्डरमधल्या शंभर फाइलींची नावं एका झटक्यात बदलता येतात.

खरी तारीख आणि माणसांची नावं फोटोच्या फाइलच्या आत लिहायची. या माहितीला मेटाडेटा म्हणतात, आणि ती फाइलबरोबर कुठेही जाते. त्यासाठी मी डिजीकॅम सुचवतो. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, थोडं जड आहे, पण कुटुंबाच्या संग्रहासाठी याहून भरवशाचं साधन मला माहीत नाही. बसवल्यावर आधी सेटिंगमध्ये मेटाडेटा फाइलमध्ये लिहिण्याचे पर्याय सुरू आहेत का ते पाहा. नंतर एका प्रसंगाचे सगळे फोटो निवडून तारीख बदला, म्हणजे पन्नास फोटोंची तारीख एकदम लागते. अंदाजाच्या वर्षासाठी १ जानेवारी टाका आणि कॅप्शनच्या ओळीत मराठीत लिहा: ‘तारीख अंदाजे. सरदार चौकातलं जुनं घर. डावीकडून: मोठी काकू, तिच्या कडेवर बाळ, मागे शेजारचे मास्तर.’ नुसतं ‘काकू’ लिहू नका. तुमची काकू तुमच्या नातवाला कोण लागते हे त्याला कळणार नाही, पूर्ण नाव लिहा.

डिजीकॅम चेहरेही ओळखतं, आणि हे काम तुमच्याच संगणकावर होतं, फोटो बाहेर कुठे जात नाहीत. काही फोटोंवर नावं दिली की उरलेल्यांत तो चेहरा सुचवायला लागतं. सख्ख्या बहिणींत गोंधळ करतं, म्हणून प्रत्येक सूचना स्वतः मान्य करा.

क्रमाची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तारखा आधी फाइलमध्ये, गूगल फोटोजवर चढवणं नंतर. गूगल फोटोजमध्ये जाऊन तारीख बदललीत तर ती गूगलच्या नोंदीत बदलते, मूळ फाइलमध्ये नाही. पुढे कधी सगळा संग्रह टेकआउटने (गूगलवरचं आपलं सगळं उतरवून घ्यायची सोय) उतरवलात तर त्या तारखा वेगळ्या जेसन (नुसत्या मजकुराच्या) फाइलींत सुट्या होऊन येतात, आणि त्या पुन्हा जुळवणं किचकट आहे.

दुरुस्तीबद्दल थोडंसं

मूळ स्कॅनला हात लावू नका, दुरुस्ती नेहमी प्रतीवर. मोबाइलवर स्नॅपसीड पुरेसं आहे: हीलिंगने ओरखडे आणि बुरशीचे ठिपके जातात, व्हाइट बॅलन्सने लालसर झालेले फोटो बरेचसे सावरतात. संगणकावर गिंप, किंवा काही न बसवता ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी.

फोटो ‘एका क्लिकमध्ये स्पष्ट’ करणाऱ्या एआय अॅपबद्दल माझं मत ठाम आहे. अंधुक चेहऱ्यात मुळात जो तपशील नाही तो ही अॅप्स बनवून भरतात. डोळे टपोरे होतात, दात नीटनेटके होतात, आणि जे समोर येतं ते तुमच्या पणजीचं तोंड नसतं. रंग भरणारी अॅप्सही लुगड्याचा रंग मनानेच ठरवतात. करायचंच असेल तर वेगळी फाइल करा आणि तिच्या नावात ‘एआय’ लिहा, नाहीतर वीस वर्षांनी तोच खरा फोटो म्हणून भिंतीवर लागेल.

सातवी पायरी: तीन प्रती

छायाचित्रकारांमध्ये ३-२-१ चा नियम रूढ आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरासाठी याचा सरळ अर्थ असा: एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठवणीत) किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे दिलेल्या डिस्कवर. नदीकाठच्या गावांत पुराचं पाणी घरात शिरतं, तेव्हा एकाच कपाटातल्या तिन्ही प्रती एकदम जातात.

पेनड्राइव्ह हे नेण्याआणण्याचं साधन आहे, साठवायचं नाही. २०००च्या दशकात लग्नाचे फोटो ज्या सीडी-डीव्हीडींवर मिळाले त्या तर आजच उतरवून घ्या. घरी लिहिलेल्या डिस्कचा थर खराब होतो आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हही नसतो.

गूगलची १५ जीबी फुकट जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहे. अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. पाच एमबीचे हजार जेपेग म्हणजे पाच जीबी, तेवढे मावतात. चढवताना ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडा. टिफ फाइली डिस्कवरच ठेवा.

संगणकावरून डिस्कवर प्रत घ्यायला फ्रीफाइलसिंक चांगलं आहे, पण त्यातला ‘मिरर’ पर्याय समजून वापरा. तो दोन्ही जागा तंतोतंत सारख्या करतो, म्हणजे संगणकावर चुकून पुसलेला फोटो डिस्कवरूनही पुसतो. संग्रहासाठी ‘अपडेट’ निवडा. आणि दर दिवाळीच्या साफसफाईत डिस्क जोडून चार-दोन फोटो उघडून पाहा. न तपासलेली प्रत आहे की नाही, हे गरज पडते त्याच दिवशी कळतं.

वाटताना आणि मूळ फोटो ठेवताना

कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो नेहमीसारखा टाकलात तर तो लहान होतो आणि आत लिहिलेली तारीख-नावं गळून पडतात. जोडणीच्या चिन्हातून ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. त्याहून बरं म्हणजे गूगल ड्राइव्हवर वर्षांप्रमाणे फोल्डर करून दुवा द्या. साधे फोटो गटावर टाकायचा एक मोठा फायदा मात्र आहे: ‘हा कोण?’ असं विचारलं की नागपूरची मावशी आणि अमेरिकेतला मामेभाऊ दोघंही उत्तर देतात. ती उत्तरं त्याच दिवशी डिजीकॅममध्ये उतरवा, गटात ती वाहून जातात.

स्कॅन झालं म्हणून मूळ फोटो टाकून देऊ नका, आणि लॅमिनेशन करू नका. लॅमिनेशनची उष्णता आणि डिंक फोटोचा थर बिघडवतात आणि ते परत काढता येत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यांनाही हेच लागू. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो. फोटो आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिप्रोपिलीनच्या खिशांत घाला. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पानं टाळा, ती फोटोला चिकटतात.

जागा निवडताना माळा नको, तिथे उन्हाळ्यात भाजतं, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही नको, तिथे पावसाळ्यात ओल येते. कोकणात आणि गोव्यात जूनच्या आधी डबे घट्ट बंद करून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. त्या दर पावसाळ्याआधी बदला. रंग बदलणारे दाणे असतील तर रंग पालटला की बदलायची वेळ झाली. डांबराच्या गोळ्या फोटोंसोबत ठेवू नका. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा डबा उघडून, कोरड्या दिवशी, सावलीत पानं नुसती उलटली तरी पुरतं.